शब्द अडला तरी बोलणे अडू नये

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तोतरे बोलणारा माणूस हरिपाठाला उभा राहिला, की सहसा अडखळत नाही. आमच्या मुळशी तालुक्यात सप्ते होतात, तेव्हा चाळीस जणांच्या सुरात माझेही शब्द सुरळीत निघतात. गाताना, गुरांशी बोलतानाही तसेच. मात्र बसमध्ये कंडक्टरने ‘कुठे?’ विचारले, की ‘पौड’ हे एवढेसे नाव ओठांवर अडकते. म्हणजे दोष जिभेचा नाही. मग अक्कलकारा चाटवून किंवा जिभेखाली खडे ठेवून तो जाणार कसा?

बोलताना श्वास, स्वरयंत्र, जीभ आणि ओठ यांच्या हालचाली मेंदूला क्षणात जुळवाव्या लागतात. तोतरेपणात या जुळवणीची वेळ चुकते. सर्वांबरोबर म्हणताना बाहेरून ताल मिळतो, म्हणून ते सोपे जात असावे. या दोषात अनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. भीतीने तो जडत नाही. वाढतो मात्र नक्की. लहानपणी शंभरात सुमारे पाच मुले काही काळ अडखळतात. त्यांतील बहुतेकांचे अडखळणे आपोआप थांबते. मोठेपणी शंभरात साधारण एकाचे उरते आणि त्यांत पुरुष अधिक असतात.

जोसेफ शीहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली. लोकांना ऐकू येते ते वरचे टोक. पाण्याखाली असते लाज आणि लपवालपवी. ‘पौड’ म्हणता येत नाही म्हणून ‘मुळशी’ म्हणायचे आणि जादा पैसे देऊन पुढचे तिकीट घ्यायचे, दुकानात हवी ती वस्तू न मागता नाव घेता येईल ती मागायची, फोन वाजला की उठून बाहेर जायचे. असे माणसाचे जगणेच आक्रसत जाते.

स्वतः तोतरे असलेले वाचोपचारतज्ज्ञ चार्ल्स व्हॅन रायपर यांनी वेगळी वाट दाखवली. अडखळणे टाळू नका, सोपेपणाने अडखळायला शिका, असे त्यांच्या पद्धतीचे सार आहे. ‘प’ म्हणताना मी ओठ घट्ट न मिटता हलके टेकवतो आणि श्वास कोंडून धरत नाही. शब्द अडलाच, तर जोर न लावता ताण सैल करून तो लांबवत बाहेर काढतो. कधी मुद्दाम अडखळतो. नव्या माणसाला ‘मी अडखळतो, जरा वेळ लागेल’ असे आधीच सांगतो. लपवायचे काही उरले नाही, की निम्मा ताण तिथेच उतरतो. मी आजही अडखळतो. पण हवे ते बोलतो.

हे तंत्र वाचोपचारतज्ज्ञाकडून शिकावे. मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. तोतरेपणा असलेल्यांनीच एकमेकांना आधार द्यावा, या विचाराने 2008 मध्ये ‘द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन’ सुरू झाली. मूल सहा महिन्यांहून अधिक काळ अडखळत असेल किंवा बोलताना चेहरा ताणत असेल, तर ‘मोठेपणी सुटेल’ म्हणून थांबू नये.

ऐकणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. आमचा शब्द तुम्ही पुरा करू नका. ‘सावकाश बोल’ हा सल्ला आम्ही जन्मभर ऐकला आहे. नजर न वळवता दोन क्षण थांबा. शब्द येतो.