फ्लेक्सवरचं यश आणि पालकांनी विचारायचे प्रश्न

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या शाळेचं स्नेहसंमेलन आणि बक्षीस समारंभ झाला. बक्षिसांची यादी करण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. यंदा यादीत एकेचाळीस नावं होती. चित्रकला, विज्ञान प्रदर्शन, तालुका क्रीडा स्पर्धा, गेल्या वर्षीची शिष्यवृत्ती परीक्षा, असं सगळं त्यात आलं. गेटवर फ्लेक्स लागला. मुलांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. नाना-नानींपासून कुवेतमधल्या चाचापर्यंत सगळ्यांनी मुबारकबाद दिली. मुलांनी मेहनत केली होती, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही खुर्च्या आवरत होतो, तेव्हा आठवीतल्या एका मुलीची अम्मी जवळ आली. म्हणाली, "टीचर, हिच्या भाईजानला चार वर्षं बारा-बारा हजार रुपये मिळाले. हिचा फॉर्म कधी भरणार तुम्ही?"

ती एनएमएमएस शिष्यवृत्तीबद्दल विचारत होती. मुलगा गावातल्या अनुदानित उर्दू शाळेत शिकला. मुलगीही सातवीपर्यंत तिथेच होती, वर्गात पहिल्या तिनांत. "इंग्रजी चांगलं होईल" म्हणून गेल्या जूनमध्ये तिला आमच्या शाळेत आणलं. आमची शाळा स्वयंअर्थसहाय्यित आहे, फीवर चालते. मला सांगावं लागलं, की हिला ती परीक्षा देताच येत नाही. हुशारी कमी पडली म्हणून नव्हे, शाळा बदलली म्हणून.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जूनमध्ये कुणी सांगितलं का नाही?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रवेशाच्या दिवशी आम्ही जुना दाखला घेतला, आधार कार्ड घेतलं, फीचा पहिला हप्ता घेतला. हे सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. म्हणून हा लेख लिहिते आहे. आता पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू होतील, तेव्हा कुणाला तरी उपयोगी पडेल.

शाळा कोणत्या प्रकारची, हे आधी बघा

आपल्याकडे शाळा निवडताना माध्यम बघतात, अंतर बघतात, फी बघतात. शाळेला अनुदान आहे का, हे फार कमी जण विचारतात.

ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, सरकारी, जिल्हा परिषदेची किंवा नगरपालिकेची शाळा. दुसरा, अनुदानित शाळा: संस्था खाजगी, पण शिक्षकांचे पगार सरकारकडून येतात. तिसरा, अनुदान नसलेली, म्हणजे विनाअनुदानित किंवा २०१२ च्या कायद्याखाली परवानगी मिळालेली स्वयंअर्थसहाय्यित शाळा. तिचा खर्च फीतून निघतो.

गोंधळ होतो तो इथे, की बऱ्याच ठिकाणी एकाच संस्थेची उर्दू शाळा अनुदानित असते आणि त्याच आवारातली इंग्रजी शाळा स्वयंअर्थसहाय्यित असते. नाव तेच, गेट तेच, कधी कधी युनिफॉर्मही तोच. पालकांना वाटतं, मूल आहे त्याच शाळेत आहे. कागदावर मात्र शाळा बदललेली असते. काही शाळांत तर काही तुकड्या अनुदानित आणि काही विनाअनुदानित असतात. म्हणून नुसतं शाळेबद्दल नाही, आपल्या मुलाच्या तुकडीबद्दलही विचारा.

दुसरा गोंधळ 'अल्पसंख्याक दर्जा' या शब्दाचा. हा दर्जा आणि अनुदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर्जा असलेली शाळा अनुदानित असू शकते किंवा नसूही शकते. आणि "आपलीच शाळा आहे, आरटीईतून फुकट घेतील" असं समजून येणाऱ्या पालकांना दरवर्षी परत पाठवावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला, की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. त्यामुळे पंचवीस टक्के मोफत जागांचा नियम तिथे चालत नाही.

एनएमएमएस म्हणजे नक्की काय?

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या हुशार मुलांनी आठवीनंतर शाळा सोडू नये, यासाठी केंद्र सरकारची ही योजना आहे. परीक्षा आठवीत होते. मूल सातवी किमान ५५ टक्क्यांनी पास असावं आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना टक्क्यांत सवलत आहे. दोन पेपर असतात, एक बुद्धिमत्तेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. परीक्षा मराठी आणि उर्दूतूनही देता येते. निवड झाली, की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये थेट मुलाच्या बँक खात्यात येतात. चार वर्षांचे ४८,००० होतात.

आता मुख्य अट. मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच शिकत असलं पाहिजे. खाजगी विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय आणि नवोदय विद्यालयातल्या मुलांना ही परीक्षा देता येत नाही. निवड झाल्यानंतर नववीत किंवा अकरावीत मूल विनाअनुदानित ठिकाणी गेलं, तर पुढचे पैसे बंद होतात. दहावीत ६० टक्केही लागतात, त्यातही अनुसूचित जाती-जमातींना सवलत आहे.

या अटीमागचा विचार सरळ आहे: जो फी भरू शकतो त्याला मदतीची गरज कमी. पण आपल्या मोहल्ल्यांत चित्र वेगळं आहे. रिक्षा चालवणारा बाप आणि घरी शिलाई करणारी आई पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेची फी भरतात. योजनेच्या कागदावर ते 'खाजगी शाळेचे पालक' होतात.

मग इंग्रजी शाळेत घालूच नये का? असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः तिथे शिकवते. पण मूल सहावी-सातवीत चांगलं चाललं असेल, शाळा अनुदानित असेल आणि घरची परिस्थिती बेताची असेल, तर दाखला काढण्याआधी हा हिशेब मांडून बघा. एका बाजूला चार वर्षांची शिष्यवृत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्षांची फी. त्यातल्या काही पैशांत गावातच इंग्रजीची चांगली शिकवणी लावता येते.

यादीतल्या बाकीच्या गोष्टी

स्वयंअर्थसहाय्यित शाळेतल्या मुलांसाठी बरेच दरवाजे उघडेही आहेत.

राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा सगळ्या मान्यताप्राप्त शाळांतल्या मुलांना देता येते, उर्दू माध्यमातूनही. ही पूर्वी चौथी-सातवीला असायची, मग पाचवी-आठवीला झाली. वर्ग बदलत राहतात, म्हणून जूनमध्येच विचारून घ्या. इथे फ्लेक्स वाचताना एक शब्द नीट बघा. प्रत्येक पेपरात ४० टक्के मिळाले, की मूल 'पात्र' ठरतं. पण पैसे मिळतात ते गुणवत्ता यादीत आलेल्यांनाच. 'पात्र' आणि 'शिष्यवृत्तीधारक' यांत बराच फरक आहे. आमच्या फ्लेक्सवर यंदा दोन्ही एकाच रांगेत छापले गेले. यादी माझीच होती, म्हणून ही चूकही माझी.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षा आहेत. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीत जादा गुण मिळतात: 'अ' श्रेणीला ७, 'ब' ला ५, 'क' ला ३. प्रस्ताव शाळेने वेळेत पाठवावा लागतो. तो गेला का, हे दहावीच्या पालकांनी स्वतः विचारावं.

इन्स्पायर-मानक योजनेत शाळा मुलांच्या पाच कल्पना ऑनलाइन पाठवू शकते. निवडलेल्या मुलाला मॉडेल बनवायला १०,००० रुपये मिळतात. सहावी आणि नववीसाठी मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे. लेखीनंतर तिथे प्रात्यक्षिकही घेतात, त्यामुळे पाठांतरावर भागत नाही.

'ऑलिम्पियाड' या शब्दाला मात्र जपून. देशाचा संघ निवडणारी विज्ञान ऑलिम्पियाड मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रामार्फत चालते. शाळाशाळांत फी घेऊन होणाऱ्या ऑलिम्पियाड परीक्षा खाजगी कंपन्यांच्या असतात. त्यांतून सराव होतो, पण वर्गातल्या निम्म्या मुलांना मेडल मिळालं, तर त्याला किती वजन द्यायचं हे आपण ठरवावं.

शेकडा शंभर निकाल

दहावीचा शंभर टक्के निकाल दिसला, की एक आकडा अजून विचारा: दोन वर्षांपूर्वी नववीत किती मुलं बसली होती? नववीत पन्नास आणि दहावीच्या परीक्षेला अडतीस असतील, तर बाकीची बारा कुठे गेली? काही बदलीने गेली असतील. पण काही शाळांत कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवतात. त्या मुलांचा निकाल शाळेच्या टक्केवारीत धरला जात नाही. फ्लेक्सवर ज्यांची नावं येत नाहीत, ती मुलंही कुणाच्या तरी घरातली आहेत. उद्या त्यात आपलं मूल असू शकतं.

तर प्रवेशाला जाताना एवढं विचारा. शाळा आणि तुकडी अनुदानित आहे का? यंदा कोणकोणत्या सरकारी परीक्षांचे फॉर्म भरले आणि किती मुलांचे? 'पात्र' किती आणि प्रत्यक्ष शिष्यवृत्ती किती जणांना? नववीची किती मुलं दहावीपर्यंत पोचली? कच्च्या मुलांसाठी जादा तास कोण घेतं आणि कधी? चांगल्या शाळेला हे प्रश्न टोचत नाहीत.

आमच्या शाळेत एक बदल झाला आहे. सातवी-आठवीच्या प्रवेशाला येणाऱ्या पालकांना आधी जुन्या शाळेबद्दल विचारायचं, एनएमएमएसची माहिती द्यायची, मगच फॉर्म द्यायचा, असं बैठकीत ठरलं. "मग प्रवेश कमी होतील," असं एक जण म्हणाले. होतील कदाचित. पण सांगायचं ठरलं आहे.

त्या मुलीचा राज्य शिष्यवृत्तीचा फॉर्म सुदैवाने भरलेला होता. सध्या ती मधल्या सुट्टीत माझ्याकडे बुद्धिमत्तेची गणितं घेऊन येते. तिची अम्मी परवा गेटवर भेटली. म्हणाली, "टीचर, माझी धाकटी अजून सहावीत आहे. तिचा दाखला मी काढत नाहीये."