गाडी दुसऱ्याची, घाम आपला

कोणी येऊन तुम्हाला म्हणाले, "ही घे गाडी. आत बेड आहे, किचन आहे, टॉयलेटसुद्धा आहे. दोन हजार किलोमीटरवर नेऊन पोचव, वर पैसे देतो," तर? आपल्या हॉस्टेलमधले अर्धे पब्लिक सबमिशन टाकून निघेल!

गंमत वाटेल, पण हा खरोखरचा धंदा आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट भागात अशा मोटारहोम बनवणारे खूप कारखाने आहेत. तयार झालेली गाडी देशभरातल्या डीलरकडे पोचवायची असते. ती चालवत नेणाऱ्याला साधारणपणे मैलाप्रमाणे पैसे मिळतात. परत कसे यायचे हे बहुतेक वेळा त्याचे तोच बघतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, पण अशा गाड्या अजून इतक्या कमी आहेत की त्या पोचवण्याचा वेगळा व्यवसाय इथे उभा राहिलेला नाही. मग आपल्याकडे हे काम नाहीच का? आहे, आणि कित्येक वर्षांपासून आहे. फक्त त्यात बेड आणि किचन नाही. बऱ्याचदा तर छप्परही नाही!

चासी म्हणजे काय?

हायवेवर तुम्ही कधीतरी एक विचित्र गाडी पाहिली असेल. पुढे इंजिन, मागे दोन लांब लोखंडी पट्ट्या, चार-सहा चाके आणि तात्पुरत्या सीटवर तोंडाला फडके बांधून बसलेला माणूस. ही बसची किंवा ट्रकची चासी. कंपनी इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, ब्रेक असा सांगाडा तयार करते आणि बॉडी दुसरीकडे बांधली जाते. आपल्या लाल एसटीचेच घ्या. टाटा किंवा अशोक लेलँडची चासी यायची आणि दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या वर्कशॉपमध्ये तिच्यावर बॉडी चढायची. गोव्यात सत्तरी तालुक्यात होंडा इथेही बस बॉडीचा मोठा कारखाना आहे.

मधला रस्ता कोण पार करतो? डिलिव्हरी ड्रायव्हर. जमशेदपूरकडे त्यांना कॉन्व्हॉय ड्रायव्हर म्हणतात. गाडी त्यांची नाही, आणि पुष्कळदा ते कंपनीचे कामगारही नसतात, ठेकेदाराकडून आलेले असतात. शाळेत आम्ही 'माय फेवरिट प्रोफेशन'वर दरवर्षी निबंध लिहायचो. डॉक्टर, पायलट, टीचर सगळे झाले. हा माणूस कोणाच्याच निबंधात आला नाही.

कागद काय लागतात?

नंबर नसलेली गाडी रस्त्यावर चालते कशी, असा प्रश्न पडेल. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४३ प्रमाणे तात्पुरती नोंदणी मिळते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिची मुदत ६ महिने आहे, आणि बॉडी बांधायला वेळ लागला तर चासीसाठी ती वाढवून मिळते. ड्रायव्हरकडे त्या वर्गाचे लायसन्स हवे. ट्रान्सपोर्ट गाडी चालवायला किमान वय २० वर्षे लागते. म्हणजे वयाच्या हिशेबाने मी पात्र आहे, घरचे पाठवणार नाहीत ही गोष्ट वेगळी. ७५०० किलोपर्यंतची हलकी गाडी असेल तर साधे एलएमव्ही लायसन्स पुरते, वेगळी नोंद लागत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

थोडी व्हायब्रेशन थिअरी (घाबरू नका)

मोठ्या बसचे भरलेले वजन साधारण १६ टन. नुसती चासी त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. पण स्प्रिंग मात्र भरलेल्या गाडीसाठी बनवलेल्या, म्हणजे कडक. आपण शिकलोय की नैसर्गिक कंपनसंख्या ही कडकपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. वस्तुमान एक तृतीयांश झाले की ती सुमारे १.७ पट होते. भरलेली गाडी सेकंदाला २ वेळा हलत असेल तर रिकामी साडेतीन वेळा हलेल. आणि माणसाच्या शरीराला उभ्या दिशेत सर्वात जास्त त्रास देणारा पट्टा आहे ४ ते ८ हर्ट्झ! खरी लीफ स्प्रिंग इतकी सरळ वागत नाही, आणि पुढच्या एक्सलवर इंजिनचे वजन असल्यामुळे तिथे फरक थोडा कमी पडतो. पण मागचा भाग उडतो, आणि तो धक्का फ्रेममधून पुढे येतोच.

ब्रेकचेही तसेच. मागच्या चाकांवर वजन कमी म्हणून पकड कमी. एबीएस नसेल तर जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके लॉक होऊन शेपूट फिरू शकते. म्हणजे गाडी हलकी आहे म्हणून चालवायला सोपी, हा समज चुकीचा आहे.

पैशाचे गणित

आता खरा मुद्दा. अशा कामाचा मोबदला बहुधा फेरीमागे ठोक असतो. एक काल्पनिक हिशेब करू. होसूरहून बंगळूर, बेळगाव, कोल्हापूर करत दापोडी, सुमारे ८८० किलोमीटर. समजा ४००० रुपये ठरले. परतीचे तिकीट १००० आणि जेवणखाण दिवसाला ३००, दोन्ही त्याच्याच खिशातून.

दिवसाला ८ तास, ताशी सरासरी ४० किलोमीटर, म्हणजे रोज ३२० किलोमीटर. परतीसकट ४ दिवस. हातात उरले १८०० रुपये, म्हणजे दिवसाला ४५०.

तोच माणूस दिवसाला १४ तास चालवतो. रोज ५६० किलोमीटर. परतीसकट अडीच दिवस. उरले २२५० रुपये, म्हणजे दिवसाला ९००.

बरोब्बर दुप्पट! म्हणजे जो झोप मारतो त्याला बक्षीस आणि जो नियम पाळतो त्याला दंड. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती हा मूळ नियम होता. तो कायदा ज्यात सामावला ती नवी कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यातही ८ तासच आहेत. पण कागदावरचे ८ तास आणि ठोक रकमेचे गणित यांचे भांडण झाले तर कोण जिंकेल?

डिझेल मोजून दिले असेल तर आणखी एक मोह असतो, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याचा. त्यात इंजिन ब्रेकिंग जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ ला एका ट्रकमुळे ४० हून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. ट्रक उतारावर न्यूट्रलमध्ये होता असे पोलिसांनी सांगितले. ती चासी नव्हती, पण मोह तोच.

जोह्याचा पेंढा

माझे गाव जोहे, पेण तालुक्यात. हमरापूर-जोहे पट्टा गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. मूर्ती टेम्पोत चढवताना मध्ये मध्ये पेंढा भरतात, हात-सोंड कुठे टेकत नाही ना ते बघतात आणि ड्रायव्हरला दहा वेळा बजावतात, "दादा, सावकाश घ्या हां." उशीर झाला तरी चालतो, मूर्ती दुखावता कामा नये. म्हणजे प्रवासात काय जपायचे हे एकदा ठरले की आपल्याला सगळे जमते. चासीच्या प्रवासात चासी जपायची ठरलेली असते. तिच्यावरच्या माणसासाठी पेंढा कोण भरणार?

उपाय आहेत का?

एक उपाय आमच्या शेजारच्या रोहा तालुक्यात आहे. कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत कोकण रेल्वेची रो-रो सेवा १९९९ पासून चालते. भरलेला ट्रक सरळ वॅगनवर चढतो आणि ड्रायव्हर घाट टाळून आरामात जातो. लांबच्या चासी ट्रेलरवर किंवा रेल्वेने नेणे अशक्य नाही.

दुसरे म्हणजे तयार गाडीच घेणे. २०२४ मध्ये एसटीने अशोक लेलँडला २१०४ पूर्ण बांधलेल्या बसची ऑर्डर दिली. अशी बस आणणाऱ्याच्या डोक्यावर निदान छप्पर असते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. चांगलेच आहे, पण तो केबिनसाठी आहे. जिथे केबिनच नाही तिथे एसी कुठे लावणार?

तिसरा उपाय सगळ्यात स्वस्त. मोबदला फेरीवर न देता दिवसावर द्या आणि परतीचे तिकीट आधीच हातात ठेवा. वरचे गणित पुन्हा करून बघा, घाईचा फायदाच संपतो.

आणि चौथे काम आपले. बोल्टने बसणारी, सीटबेल्ट आणि काच असलेली, पोचल्यावर काढून परत पाठवता येईल अशी हलकी केबिन. फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय शोधणाऱ्यांनो, हा घ्या! व्हायवात एक्स्टर्नलने विचारले, "याचा युजर कोण?" तर उत्तर सोपे आहे. तुम्ही ज्या एसटीने घरी जाता, ती पहिल्यांदा ज्याने चालवली तो.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल