वळणावरची कटकट

गाडी आवाज करते म्हणून कुणी आलं की मी आधी विचारतो, कधी करते? कुठून, ते विचारतच नाही. पत्र्यातून आवाज फिरतो, उजवीकडचा डावीकडे वाटतो, आणि गिऱ्हाईक शपथेवर चुकीचं चाक दाखवतं. कराडच्या माझ्या गॅरेजात मारुती ८००, झेन, जुन्या वॅगन आर अजून येतात. त्यांच्या एक्सलची तक्रार या ‘कधी’वरच निम्मी सुटते.

एक्सल म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. तीच चाकं वळतात, तीच खड्ड्यात वरखाली होतात. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट. चाकाकडचा तो आउटर. त्यात सहा छर्रे खाचांमधून सरकत असतात. वरून घड्यांचा रबरी बूट, आत काळं ग्रीस. जॉइंट सहसा आपणहून जात नाही, आधी बूट फाटतो. मग ग्रीस उडून जातं, चिखलपाणी आत शिरतं आणि उरलेलं ग्रीस पॉलिश पेपरसारखं खाचा घासत बसतं.

अशी गाडी स्टेअरिंग पूर्ण वळवून काढली की कट-कट-कट ऐकू येतं. मोकळं मैदान बघा, काच खाली, टेप बंद. पहिल्या गिअरमध्ये स्टेअरिंग पूर्ण डावीकडे करून, थोडा अ‍ॅक्सिलरेटर देत गोल फिरा, मग उजवीकडे. डावीकडे वळताना वाजलं तर बहुतेक उजवा आउटर गेलेला असतो, कारण बाहेरच्या चाकावर भार जास्त येतो. बहुतेक म्हणालो, खात्री बूट बघूनच.

सरळ रस्त्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते? मग आतला, गिअरबॉक्सकडचा जॉइंट बघायचा. पाय काढूनही थरथर राहिली तर आधी व्हील बॅलन्सिंग करून घ्या. वेगाबरोबर घूंऽऽ वाढत जातं आणि स्टेअरिंग थोडं इकडेतिकडे केल्यावर बदलतं, ते व्हील बेअरिंग. स्पीडब्रेकरवर खट् वाजलं तर बुश, बॉल जॉइंट तपासा. एवढं न बघता थेट दोन्ही एक्सल बदला म्हणणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून गाडी परत आणलेली बरी.

परवा एक झेन आली ती सर्व्हिसिंगला. आवाज काहीच नव्हता, पण डाव्या रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे होते. चाक सरळ असताना बूट धड दिसत होता. स्टेअरिंग पूर्ण वळवलं, अंगठ्यांनी घड्या फाकवल्या, तर घडीच्या तळाशी अर्धगोल चीर. ग्रीस चिमटीत घेऊन चोळलं. खर लागली नाही, छर्रे चकचकीत. जॉइंट धुतला, नवा बूट, नवं ग्रीस, नव्या पट्ट्या.

“वाजत नाही, तर खर्च कशाला?” मालकांनी विचारलं. वाजायला लागल्यावर बूट-ग्रीसचा खर्च वाया जातो, खाचा एकदा झिजल्या की ग्रीसनं भरून येत नाहीत, असं सांगितलं. पटलं असावं, पैसे दिले.

तुम्ही काम करून घ्याल तेव्हा एक नक्की विचारा. या गाड्यांत एक्सल ओढला की गिअर ऑइल सांडतं. ते परत पुरतं भरलंय का? आणि हब नट नवा टाकलाय ना?