वैमानिक आणि हवेचा कागद

रेडिओवर ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ असे ऐकले, की कुणी म्हणतो, आपल्याकडे पडणार. कुणी म्हणतो, छे, नाही पडायचा. हवामान खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या विभागातील फार तर चौथ्या हिश्श्याची ठिकाणे. तुमचे गाव त्यात आहे की नाही, हे त्या शब्दात नसते. श्रोतेहो, उड्डाणापूर्वी हवेचा कागद वाचणाऱ्या वैमानिकाची अडचण हीच. फक्त चुकले तर त्याला दुबार पेरणी नाही.

विमानतळाचा अंदाज सांकेतिक अक्षरांत असतो. आंतरराष्ट्रीय रीत अशी, की एखाद्या गोष्टीचा संभव ३० किंवा ४० टक्के असेल तर तो आकडा द्यायचा. ५० च्या पुढे गेला, की आकडा न घालता तसे होईल म्हणून सांगायचे, आणि ३० च्या खाली असेल तर बहुधा लिहायचेच नाही. म्हणजे कागदावर धुक्याचे नाव नसले तरी धुके पडू शकते. घाईतला माणूस मात्र ‘धुके नाही’ असेच वाचतो!

शिवाय हे अहवाल विमानतळांचे. मधल्या वाटेचे काय? १६ जुलै १९९९ रोजी सूर्यास्तानंतर, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव धाकटे जॉन केनेडी न्यू जर्सीहून मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे स्वतः विमान घेऊन निघाले. त्याआधी संगणकावर हवामान पाहिले गेले होते. दृश्यता वाटेवर १० मैलांपर्यंत, निघण्याच्या ठिकाणी धूसर हवेत ४ मैल. नियमाने जायला हरकत नव्हती. पण रात्री काळ्या समुद्रावर बघायला दिवाच नसेल, तर त्या मैलांचा उपयोग काय? आकाश कुठे संपले नि पाणी कुठे लागले, कळेना, असे त्या रात्री तिकडून गेलेल्या काही वैमानिकांनी पुढे सांगितले. केवळ उपकरणांवर विसंबून उडण्याचा परवाना केनेडींजवळ नव्हता. विमान समुद्रात कोसळले. ते, त्यांची पत्नी आणि मेव्हणी, तिघेही गेले. अंधारी रात्र, धूसर हवा, त्यातून दिशाभ्रम आणि ताबा सुटला, असे चौकशीत ठरले.

माझ्या मते, आकड्यांशेजारी ‘वाटेवर क्षितिज दिसणे कठीण’ एवढे साध्या भाषेतले वाक्य असते, तर ते अधिक उपयोगी पडते.

त्याच विमानतळावरून आणखी एका वैमानिकाला त्याच बेटावर जायचे होते. त्याने नुसते बाहेर पाहिले. हवा फारच धुरकट वाटली. सोबतीला मित्रही मिळेनात, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. त्याने जाणे दुसऱ्या दिवसावर ढकलले.