बाळाने मान कधी धरली?

वासरू जन्मले की तास-दोन तासांत धडपडत उभे राहते. नाही राहिले तर आपण जनावरांच्या डॉक्टरांकडे धावतो. मूल चालायला वर्ष घेते, म्हणून आपण थांबतो. "ह्याचा बापही उशिराच चालला," असे आजी म्हणते, आणि पुष्कळदा ते खरेही असते. एखाद्या घरी मात्र ते सेरेब्रल पाल्सी निघते. वाढत्या मेंदूला इजा झाल्याने हालचालीत येणारा हा दोष आहे.

तो प्रथम लक्षात येतो तो बहुधा बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या. लंगोट बांधताना मांड्या फाकत नाहीत. काखेत धरून उचलले की पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. कधी उलट, अंग ओल्या फडक्यासारखे लुळे पडते. चार महिने उलटले तरी मान धरत नाही, अंगठा आत घेऊन मुठी मिटलेल्याच राहतात. नवव्या महिन्यातही आधाराशिवाय बसत नाही. वर्षाच्या आतच सगळे एकाच हाताने धरू लागले तर घरचे 'डावखुरा होणार' म्हणून कौतुक करतात. आम्ही म्हणतो, दुसरा हात तपासून घ्या. दूध ओढताना वरचेवर ठसका लागणे, झटके येणे, हेही सांगावे. तंबाखूच्या रानात दिवसभर झोळीत निजलेल्या बाळाचे यातले काहीच दिसत नाही. संध्याकाळी जवळ बसून त्याला घोंगड्यावर पालथे घाला आणि पाहा.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, उशिरा रडलेल्या किंवा तीव्र कावीळ झालेल्या बाळावर अधिक लक्ष हवे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने बाळंतपणाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजावेत. हा ग्रहणाचा दोष नव्हे, आणि आईच्या पापाचे फळ तर नव्हेच.

ताठ पाय तेल लावून जोराने ओढू नका. आशाताईंना सांगून बेळगावचे जिल्हा रुग्णालय गाठा; निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर जवळ पडते. मेंदूची इजा भरून येत नाही, पण लहानपणीच व्यायामोपचार सुरू झाले तर बसणे, जेवणे, बोलणे पुष्कळ सुधारते. डॉ. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत अशा मुलांसाठी संस्था काढली. त्यांची कन्या मालिनी चिब यांना हाच दोष आहे. त्या शिकल्या आणि त्यांनी पुस्तकही लिहिले. २०१६ च्या कायद्यात या दोषाचे नाव असल्याने अपंगत्वाचा दाखलाही मिळू शकतो.

डॉक्टरांकडे जाताना बाळंतपणाचे कागद, लसीचे कार्ड आणि मान कोणत्या महिन्यात धरली हे लिहिलेली चिठ्ठी बरोबर न्या.