बोरीच्या भिंतीतला महाल

भाद्रपदात दोन-चार दिवस झडीचा पाऊस लागला की मुरूमच्या बाजारात, बसस्टँडवर एकच चौकशी सुरू होते, ‘नळदुर्गला नर-मादी पडायलेत का?’ सोलापूरकडून आलेला कुणीतरी ‘पडायलेत’ म्हणतो आणि येत्या रविवारचा बेत ठरतो. मुरूमहून येणेगूर गाठायचं, तिथून सोलापूर-हैदराबाद महामार्गाने जळकोट आणि पुढे नळदुर्ग. तासाभराचा रस्ता. दोन्ही बाजूंना काळं रान, तूर, सोयाबीन आणि मधूनच उघडा मुरमाड माळ. धाराशिव जिल्ह्याचा हा भाग पावसाची वाट पाहण्यात निम्मं आयुष्य घालवतो. तिथे चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाण्यासाठी महाल बांधून ठेवला आहे, हे उमरगा तालुक्यातल्या पोरांना शाळेच्या सहलीतच कळलेलं असतं.

नळदुर्गाला सगळे भुईकोट म्हणतात, आणि लांबून पाहिलं तर तेच खरं वाटतं. राजगड, रायगडासारखी छातीवर येणारी चढण इथे नाही. पण बोरी नदीच्या बाजूने पाहिलं की जागा निवडणाऱ्याची नजर कळते. काळ्या कातळाचा एक उंचवटा नदीच्या अरुंद खोऱ्यात पुढे घुसला आहे. त्याच्या कडेकडेने तट फिरवला आहे आणि जिथे निसर्गाने कडा दिला नाही, तिथे खंदक खोदला आहे. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर भरते आणि बुरूज ११४ मोजले जातात. त्यातला नवबुरूज नऊ पाकळ्यांचा. दगडाला इतकी गोलाई देणाऱ्या पाथरवटाच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी.

नळ-दमयंतीची कथा गावाच्या नावाला जोडलेली आहे. इतिहास मात्र कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत जातो. त्यांच्या एखाद्या मांडलिकाने इथे पहिलं ठाणं वसवलं असावं असं मानतात. पुढे ते बहमनींकडे आणि त्यांच्याकडून विजापूरच्या आदिलशाहीकडे आलं. पहिल्या अली आदिलशाहाने १५५८च्या सुमारास दगडी तटबंदी घातली. १६८६ मध्ये विजापूर पडलं, तसा हा किल्लाही मोगलांच्या आणि नंतर निजामाच्या हाती गेला.

पण या किल्ल्याचं खरं धन तटात नाही, बांधात आहे.

मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला यांच्यामधून बोरी वाहते. या दोघांना जोडणारी दगडी भिंत म्हणजेच नदीवरचा बांध. उंची सुमारे ९० फूट, लांबी पावणेदोनशे मीटरच्या आसपास. शत्रूने वेढा घातला तरी आतल्या शिबंदीला पाणी कमी पडू नये, हा मूळ हेतू. मात्र दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, मीर इमादीन नावाच्या स्थापत्यकाराने याच बांधाच्या पोटात पाणीमहाल बसवला. बांधावरून चालत गेलं की एका जागी खाली उतरणारा जिना लागतो. जिना अरुंद आहे, अंधारा आहे. भिंतीला हात टेकत उतरावं तर दगड ओलसर लागतो, कारण त्या दगडापलीकडे अख्खा तलाव उभा असतो. आणि मग एकदम कमानी, कोनाडे, नक्षी आणि नदीच्या उताराकडे उघडणारी खिडकी. तलाव भरला की जादा पाणी दोन वाटांनी खाली झेपावतं. त्यांचीच नावं नर आणि मादी. धबधबा इथे वरून किंवा समोरून नाही, आतून बघायचा असतो. आवाज छातीत घुमतो, बोललेलं ऐकू येत नाही आणि अंग मात्र कोरडं राहतं.

महालात एक फारसी शिलालेख आहे. हे बांधकाम पाहून मित्रांचे डोळे उजळावेत आणि शत्रूंच्या डोळ्यांपुढे अंधारी यावी, अशा अर्थाचा. दुसरा इब्राहिम संगीताचा वेडा होता, त्याने स्वतः गीतं रचली. एरवी बांध म्हणजे हिशेबाचं काम: भिंत किती जाड, दाब किती, सांडवा कुठे. त्या हिशेबात बसून बघायची जागा सोडावी असं वाटणं, हे अशाच राजाच्या दरबारात सुचू शकतं. आज कोट्यवधी रुपयांची धरणं होतात. त्यांच्या भिंतीत माणसाला बसायला एक खिडकी ठेवलेली कुणी पाहिली आहे का?

दहा-पंधरा वर्षांपूर्वी इथे आलेल्या माणसाला मात्र वेगळाच किल्ला आठवतो. वेड्या बाभळी, तटाच्या सांध्यांत घुसलेले पिंपळ, मातीखाली गेलेल्या पायऱ्या. राज्य सरकारची ‘महाराष्ट्र वैभव’ ही स्मारक संगोपन योजना आहे. मालकी पुरातत्त्व विभागाचीच राहते, देखभाल दुसरी संस्था करते. या योजनेत २०१४ मध्ये सोलापूरच्या युनिटी मल्टिकॉन्सने नळदुर्ग दहा वर्षांसाठी घेतला. राडारोडा निघाला, रस्ते झाले, बाग फुलली, पाण्यात नावा आल्या, दिवे लागले. तिकीट काढून आत जायचं ही सवय लोकांना हळूहळू लागली.

बाग आणि नावांबद्दल दोन मतं असू शकतात. किल्ल्यात हिरवळ आणि खेळणी कशाला, असं विचारणारा इतिहासप्रेमी चुकत नाही. तरी बाभूळ काढल्यावर जे दिसलं त्याचं मोल फार मोठं आहे. जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत मोह असतो तो नवं काही उभारण्याचा. फ्रान्समधल्या कार्कासोन या कोटाचं काम व्हायोले-ल-द्युक याने १८५३ मध्ये हाती घेतलं. त्याने बुरुजांवर टोकदार छपरं चढवली, ती त्या मुलखातली नव्हतीच, असा वाद आजही चालतो. नळदुर्गात सगळ्यात मोलाचं काम साफसफाईचं आहे. सांध्यात रुजलेलं पिंपळाचं रोप बोटाएवढं असतानाच काढलं तर तट वाचतो. मनगटाएवढं झालं की दगड घेऊनच बाहेर येतं. हे काम दर पावसाळ्यानंतर नव्याने करावं लागतं, त्याचं उद्घाटन होत नाही आणि त्याची कोनशिलाही बसत नाही. किल्ला टिकतो तो त्याच्यावर.

तेच १८५३ साल नळदुर्गाच्याही वाट्याला आलं होतं. निजामाने त्या वर्षीच्या तहात हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला आणि कॅप्टन मेडोज टेलर कारभारी म्हणून आला. ठगांवरच्या कादंबरीमुळे विलायतेत नाव झालेला हाच तो टेलर. १८६० मध्ये मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. जिल्ह्याचं ठाणं मात्र विसाव्या शतकाच्या तोंडापर्यंत नळदुर्गच होतं. आज धाराशिवला कचेरीचे खेटे घालणाऱ्यांना ही गोष्ट सांगितली की ते चकित होतात.

किल्ल्यातल्या उपल्या बुरुजावर जायला दम लागतो. पायऱ्या उंच आहेत, वर गेल्यावर वारा झोंबतो आणि तोफांच्या शेजारून चारी दिशा मोकळ्या दिसतात. खाली महामार्ग. १३ सप्टेंबर १९४८च्या पहाटे भारतीय सैन्य सोलापूरकडून याच वाटेने हैदराबाद संस्थानात शिरलं. बोरीवरचा पूल निजामाच्या फौजेने उडवायच्या आत शाबूत हाती लागणं गरजेचं होतं आणि तो लागला. त्यानंतर चार दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामाने शस्त्रं खाली ठेवली. मराठवाड्यात दर वर्षी झेंडावंदन होतं ते त्याच दिवशी, आणि बहुतेक वेळा तेव्हाच नर-मादी भरात असतात.

इथे येणाऱ्यांची आणखी एक वर्दळ पौषात असते, ती खंडोबाची. इथला देव वर्षातले सव्वादहा महिने शेजारच्या अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गच्या मैलारपुरात राहतो. दोन्ही गावांनी हा करार पिढ्यान् पिढ्या पाळला आहे. पौष पौर्णिमेच्या यात्रेत भंडाऱ्याने माखलेली माणसं किल्ल्यातही डोकावतात. तेव्हा धबधबे आटलेले असतात, पण तलावात पाणी असतं आणि पाणीमहालात निवांत उभं राहता येतं.

खरं तर नर-मादी आता निव्वळ पावसावर पडत नाहीत. वरच्या अंगाला बोरी धरण झालं आहे. ते भरून सांडलं तरच किल्ल्याच्या बांधाला पूर येतो. कोरड्या वर्षी ते घडतच नाही. म्हणून ती चौकशी. मुरूमच्या घराघरांत ज्या सालांची नावं दुष्काळाने लक्षात राहिली आहेत, त्या सालांत पाणीमहालाच्या खिडकीतून नुसता कातळ दिसला. आणि ज्या रविवारी पाणी पडतं, त्या रविवारी बांधाच्या जिन्यावर रांग लागते. आजी नातवाचा हात घट्ट धरून एकेक पायरी उतरते, खिडकीपाशी पोचली की पदर सावरते आणि पाण्याकडे बघून आधी हात जोडते.