ठरलेल्या तारखेचा मेसेज आलाच नाही, तर?

मे महिना संपत आला की गावोगावच्या मोबाईलवर दोन छोटे मेसेज येतात. एकात २० रुपये कापल्याचं लिहिलेलं असतं, दुसऱ्यात ४३६. पहिला प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता, दुसरा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा. १ जून ते पुढचा ३१ मे असं हे विम्याचं वर्ष. बँकेत एकदा संमतीच्या फॉर्मवर सही केली की दरवर्षी हप्ता आपोआप कापला जातो. त्यामुळे बहुतेकांच्या तो ध्यानातही राहत नाही.

पण एखाद्या वर्षी नेमकी तेव्हाच खात्यात शिल्लक नसली तर? कापल्याचा मेसेज येत नाही, एवढंच. विमा बंद पडतो आणि घरात सगळे धरून चालतात की चालू आहे. खरी गोष्ट कळते ती दोन लाखांच्या दाव्याचे कागद घेऊन घरचं माणूस बँकेत गेल्यावर.

हे पैसे कापायला बँकेत कुणी साहेब एकेक खातं उघडून बसत नाही. संगणकाला वेळापत्रक दिलेलं असतं आणि त्या तारखेला, त्या वेळेला तो काम उरकतो. अशा कामाला सॉफ्टवेअरवाले ‘शेड्यूल्ड जॉब’ म्हणतात. युनिक्स या संगणक प्रणालीत १९७० च्या दशकात ‘क्रॉन’ नावाचा प्रोग्राम आला, तो आजही जगभरच्या सर्व्हरवर हेच करतो. त्याला एक ओळ लिहून द्यायची. त्या ओळीत पाच रकाने असतात: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. पुढे कामाचं नाव. मग तो रोज रात्री दोन वाजता म्हणा किंवा दर सोमवारी म्हणा, न सांगता काम सुरू करतो. कर्जाच्या हप्त्याची वजावट, खात्यावरचं व्याज, रात्रीचा बॅकअप ही सगळी याच जातीची कामं.

शेतकऱ्याला ही भानगड नवी नाही. रात्रीची लाईट असते तेव्हा विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्विच लावून माणूस घरी झोपतो. थ्री फेज आली की मोटार आपोआप सुरू. सोयीचं आहे, पण फ्यूज उडाला किंवा एक फेज गेला तर मोटार काही घरी येऊन दार वाजवत नाही. सकाळी कांद्याचा वाफा कोरडा दिसतो, तेव्हा कळतं. त्याहून वाईट म्हणजे मोटार रात्रभर घुमते, पण फूटव्हॉल्व्ह धरत नसल्यानं पाइपातून थेंब येत नाही. स्टार्टरकडे बघितलं तर मोटार चालूच. काम मात्र शून्य.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच घडतं. कधी काम सुरूच होत नाही, कारण सर्व्हर बंद करून चालू केला आणि वेळापत्रक पुन्हा लावायचं राहिलं. कधी सुरू होऊन मध्येच अडकतं. कधी दोनदा चालतं. आणि कधी ‘पूर्ण झालं’ अशी नोंद पडते, पण आत काहीच नसतं. माणसाच्या हातातलं बटण चाललं नाही तर तो लगेच ओरडतो. रात्री दोन वाजताच्या कामासमोर ओरडायला कुणी नसतं.

म्हणून जाणकार लोक हजेरीची पद्धत वापरतात. काम संपलं की त्यानं दुसऱ्याच एका यंत्रणेकडे हजेरी लावायची: ‘मी झालो.’ ठरलेल्या वेळेपर्यंत हजेरी आली नाही, की ती दुसरी यंत्रणा माणसाला फोन किंवा मेसेज करते. इथे बिघाडाची तक्रार यायची वाट बघत नाहीत. सगळं ठीक असल्याचा निरोप आला नाही, हाच बिघाड धरतात. फरक बारीक वाटतो, पण तोच महत्त्वाचा. बंद पडलेलं यंत्र स्वतःची तक्रार कशी करणार? सोबत कामाचं फळही तपासतात. किती खात्यांतून पैसे कापले? बॅकअपची फाईल किती मोठी झाली? रोज लाखभर नोंदी असतात आणि आज शंभर आल्या, तर हजेरी लागली तरी गडबड आहेच.

तपासणी नसली की मोठ्यांचीही फजिती होते. गिटलॅब या कंपनीच्या वेबसाइटवर जगभरचे प्रोग्रामर आपलं काम साठवतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्यानं चुकून मुख्य सर्व्हरवरचाच डेटाबेस पुसला. सुमारे ३०० जीबी माहिती होती. बॅकअप शोधायला गेले तर ठेवण्याची जागा रिकामी! बॅकअपचं काम रोजच्या वेळापत्रकात होतं, पण डेटाबेस नव्या आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं, म्हणून ते दर वेळी फसत होतं. फसल्याचा ईमेलही निघत होता. तो ईमेल पडताळणीत नापास होऊन वाटेतच नाकारला जात होता. नशिबानं एका कर्मचाऱ्यानं त्याआधी सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं एक प्रत काढली होती, तिच्यावर भागलं. मधल्या सहा तासांचं गेलं ते गेलं. कंपनीनं हे सगळं लपवलं नाही, सविस्तर जाहीर केलं. म्हणून ते आज सगळ्यांना माहीत आहे.

मोबाईल स्टार्टर लावलेल्यांना यातली गोम लगेच कळेल. मोटार बंद झाली की त्याचा मेसेज येतो. पण स्टार्टरमधल्या सिमचा रिचार्जच संपला असेल तर? मेसेज नाही म्हणजे सगळं ठीक, असं समजून माणूस झोपतो.

हातातल्या फोनमध्येही असं एक काम रोज रात्री चालतं. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा रोजचा बॅकअप साधारण रात्री दोनच्या सुमारास होतो. गुगलची मोफत १५ जीबी जागा भरली, किंवा बॅकअप फक्त वायफायवर ठेवला आणि घरात वायफायच नाही, तर तो महिनोन्‌महिने होत नाही. फोन विहिरीत पडल्यावर नातवाचे फोटो शोधायला गेलं की उलगडा होतो. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असं उघडलं की शेवटचा बॅकअप कधी झाला ती तारीख दिसते. ती जुनी असेल, तर काम बंद आहे. यूपीआय ॲपमध्येही ‘ऑटोपे’ची यादी असते. कोणाला दरमहा किती कापायची परवानगी दिली आहे, ते तिथे दिसतं. अशा वजावटीची सूचना किमान २४ तास आधी यायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

विम्याच्या हप्त्यासाठी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातच खात्यात पैसे ठेवलेले बरे. मग १ जूनला फोनमध्ये आठवण लावायची: ‘२० आणि ४३६ कापले का?’ मेसेज सापडला नाही, तर पासबुक भरून आणायचं. नोंद नसेल तर त्याच आठवड्यात शाखेत किंवा बँक मित्राकडे जाऊन पुन्हा नाव घालता येतं. मात्र जीवन ज्योतीत नव्यानं नाव घातलं, तर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूलाच संरक्षण असतं. दोन बँकांतून हप्ता कापला गेला असला तरी विमा एकच मिळतो, दुसरा हप्ता वाया.

आणि वय बघायचं. जीवन ज्योती ५५ वर्षांपर्यंत आणि सुरक्षा विमा ७० वर्षांपर्यंत. त्यानंतर हप्ता कापला गेला नाही, तर यंत्रणा बिघडलेली नाही, योजनाच संपलेली असते.